न झाडलेलं पोतं

साहेब, मोशीच्या पंचनाम्यावर तुम्ही सही केलीत ती खोट्यावर केलीत. धर्मशाळेच्या खोलीत तुम्ही नाकाला रुमाल लावून उभे राहिलात, बाहेर येऊन खुर्ची मागवलीत, आणि लिहिलंत की कोठी सांभाळणाऱ्या सुभद्राबाईनं गावची चांगली बाजरी विकून खाल्ली आणि त्या जागी सडकी भरली. नऊ माणसं अंथरुणाला खिळली ती तिच्यामुळं. इतकं सगळं लिहिलंत, पण पोत्यात हात घातला नाहीत. बाहीला राख लागली असती. एका साठ वर्षांच्या अडाणी बाईनं तो हात घातला आणि तिला तळाशी काय सापडलं ते आता ऐका.

१

साल त्रेपन्न, चैत्र महिना. वर बीडाकडं, नगराकडं पावसानं तोंड फिरवलं होतं आणि माणसं बिऱ्हाडं डोक्यावर घेऊन मोशीच्या खाणीवर उतरली होती. पिंपरीच्या माळावर कारखान्यांचे पाये खोदले जात होते. त्या पायांत पडणारी खडी ही माणसं फोडत होती आणि रात्री पाणी पिऊन झोपत होती.

तेव्हा गवराबाईनं, त्याच साठ वर्षांच्या बाईनं, गावात एक रीत घातली. सकाळी जात्यात दाण्यांची वैरण घालायच्या आधी प्रत्येक घरानं एक मूठ बाजरी वेगळ्या गाडग्यात टाकायची. शुक्रवारी गाडगी गोळा करायची, रविवारी सकाळी खाणीवरच्या चुलींना वाटायची. कुणा शेठचं नाव नाही, दारावर पाटी नाही, कुणा साहेबाची परवानगी तर नाहीच. आठ महिने चाळीस चुली त्या मुठींवर पेटत होत्या. मोशीच्या बाया नदीवर पाण्याला निघाल्या की त्यांची मान बघावी, अशी ताठ.

आठ महिने भरले त्या रविवारी गवराबाई कुरुळीला लेकीकडं गेली होती. सोमवारी दुपारी ती परत आली तेव्हा धर्मशाळेच्या खोलीला नवं कोरं कुलूप होतं, त्याला तांबडी चिठ्ठी आणि वर लाखेची मोहोर होती, आणि पायरीवर सुभद्राबाई बसली होती. बसली होती म्हणजे तिला तिथं टाकून दिल्यासारखी.

"काय झालं गं?"

"माय, मला चोर म्हणले," सुभद्राबाई म्हणाली. "गुरुवारी फौजदार न्यायला येणार हाय."

सुभद्राबाई बीडाकडची. आठ महिन्यांपूर्वी पहिल्या वाटपाला पदर पसरून उभी राहिलेली, आणि दुसऱ्या रविवारी स्वतःहून माप हातात घेतलेली. नवरा खाणीवर, हिचं बिऱ्हाड धर्मशाळेच्या ओसरीत. कोठीची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात असायची. गवराबाईनंच ती घातली होती, सगळ्या गावासमोर.

"रातीच्या भाकरीनं माणसं ओकाया लागली," सुभद्राबाई सांगत होती. "आन् सकाळी कोंबडं आरवून सरतंय तवर साहेबाची जीप. संगं त्यो सरकारी गोदामाचा लक्ष्मणराव. म्हणला, मोगलाईतली बाई, तिच्या हातात किल्ली दिली, आता भोगा."

गवराबाईनं मोहोरेवर बोट फिरवलं. तिची बोटं चाळीस वर्षं सुपावर फिरलेली. शुक्रवारी ह्याच बोटांनी तिनं चारही पोत्यांची बाजरी पाखडली होती. दाणान्‌दाणा निरोगी होता.

म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ, ह्यामध्ये कुणीतरी त्या खोलीत शिरलं होतं. आणि आधीचं कुलूप फुटलेलं नव्हतं.

२

"वाटताना तुला दिसलं न्हाई?" गवराबाईनं विचारलं.

सुभद्राबाई पदराचं टोक पिळत राहिली.

"अगं, तुला इचारते मी. सडकी बाजरी आंधळ्याला बी वासानं कळती."

"कळलं व्हतं, माय."

गवराबाई तिच्यासमोर पायरीवर बसली.

"कळलं व्हतं," सुभद्राबाई पुन्हा म्हणाली. "पण म्या म्हणलं, कुणाच्या तरी घरातली हाय. तेच्याकडं तेवढीच असंल. आठ महिने ज्यांचं खाल्लं त्यांच्या धान्याला नाव कोणत्या तोंडानं ठिवू? आमी दुष्काळात याच्यापरीस वंगाळ खाल्लंय. म्या बी तीच खाल्ली. सासऱ्याला घातली. त्यो अजून डोळं उघडंना."

गवराबाईनं तिला जवळ ओढलं नाही की धीर दिला नाही. "लई शहाणी," एवढंच म्हणाली आणि नाक पुसलं. "उरली असंल तर दाव."

सुभद्राबाईच्या गाडग्यात ओंजळभर उरली होती. गवराबाईनं ती सुपात घेतली, उन्हात नेली. दाणे काळवंडलेले, एकमेकांना चिकटलेले, त्यांवर बुरशीची हिरवट लव. तिनं सूप दोनदा हलवलं. दाण्यांत पांढरे पापुद्रे होते, नखाएवढे. एक तिनं जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकली.

चुना.

धर्मशाळेच्या भिंती शेणानं सारवलेल्या. मोशीत चुना लावलेलं घर नव्हतं, देऊळ तेवढं होतं.

आणखी एक गोष्ट तिच्या बोटांना कळली. ह्या दाण्यांना राख नव्हती. कोठीतलं धान्य पोत्यात भरायच्या आधी जमिनीवर ओतून त्याला चुलीची राख चोळायची, ही तिची शिस्त होती. शुक्रवारी सगळ्या धान्याला तिनं स्वतः राख चोळली होती, कोपरापर्यंत पांढरी होऊन.

"वाटून झाल्यावं पोती कुठं ठिवली?"

"तीन सरली. वतली न्हाईत, मापानं काढली; माप तळाला पोचंना तवा तशीच हितं खुंटीला टांगली. चौथं भरलेलं आत कोंडलंय."

गवराबाईनं ओसरीकडं पाहिलं. साहेब, सकाळी तुम्ही जिथं खुर्चीवर बसलात तिथंच, तुमच्या डोक्यापासून वीतभर वर, खुंटीला तीन पोती लटकत होती.

३

चारही पोती नवी होती. जुनी उंदरांनी खाल्ली म्हणून रंगराव मास्तरांनी चाकणच्या बाजारातून आणून दिलेली, शुक्रवारी पहिल्यांदा भरलेली. भरायच्या आधी गवराबाईनं प्रत्येकाच्या तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत कडुलिंबाची डहाळी खोचली होती, किडीसाठी.

तिनं पहिलं पोतं खुंटीवरून उतरवलं, मांडीवर घेतलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. डोळे मिटले. बोटं तळाशी गेली आणि थांबली.

मग दुसरं पोतं. मग तिसरं.

"माय, काय हाय?"

गवराबाईनं पोतं पुन्हा खुंटीला अडकवलं. तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दोन गोष्टी आल्या. सुभद्राबाईनं नंतर सांगितलं, एक सुटकेची होती, आणि दुसरी अशी, की कुणाच्या मरणाची बातमी आल्यागत.

"तू सुटलीस," गवराबाई म्हणाली. "आन् माझं गाव अडाकलं."

४

दुसरी किल्ली रंगराव मास्तरांकडं असायची. मास्तर रत्नागिरीकडचे, शाळेच्या खोलीतच राहायचे. गावाला त्यांचा मान होता आणि त्यांना त्या मानाची काळजी होती. मंगळवारी गवराबाई शाळेत गेली.

"शनिवारी किल्ली कुणाला दिलीत, मास्तर?"

"कुणाला देणार? माझ्याकडंच होती. दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही हा नियम आपणच केलाय ना, गवराबाई?"

"मंग सुभद्रीनंच केलं म्हनायचं."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "मी तसं म्हटलं नाही. पण पंचनामा झालेला आहे. सरकारी माणसं विचार करूनच लिहितात."

"किल्ली दावा बरं."

त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून दिली. किल्लीला पांढरी सुताची दोरी होती, मास्तरांच्या धोतरासारखी रोज धुतल्यागत स्वच्छ. मधोमध मात्र दोन बोटांएवढा काळा चिकट डाग. गवराबाईनं तो हुंगला.

"मास्तर, तुम्ही शाळंत बैलगाडी शिकवाया लागलात का काय?"

"म्हणजे?"

"हे गाडीच्या आसाचं वंगण हाय."

बाहेर मुलं पाढे म्हणत होती, ती चुकली तरी मास्तरांनी दुरुस्त केलं नाही.

"उद्या सकाळी माझ्या अंगणात या," गवराबाई म्हणाली. "कोठी पुन्हा चालू करतीय. पोती ओताया माणसं पायजेत."

परत येताना तिनं वाट वाकडी केली आणि सडकेवरच्या सरकारी गोदामावरून गेली. लक्ष्मणराव दारात पान लावत बसला होता. त्याच्यामागं गोदामाची भिंत दिसत होती. नवा चुना मारलेला, खालून ओल चढलेली, आणि पापुद्रे सुटून खालच्या पोत्यांवर पडलेले.

"काय बाई, इकडं कुठं?"

"काय न्हाई. ह्या भितीला आमच्यावानी शेण लावा. पडत न्हाई."

५

बुधवारी सकाळी मोशीच्या बायांनी पुन्हा गाडगी आणली. ज्या घरची मूठ गेल्या शुक्रवारी येऊन गेली होती त्यांनीही. एकीनं विचारलंसुद्धा नाही की साहेबांनी बंद केलंय ना. चार पोती भरली. खाणीवरची माणसंही आली होती, आणि आजारी नऊ जणांपैकी सहा आपल्या पायांनी आली होती.

गवराबाईनं अंगणात चार घोंगड्या अंथरल्या. "पाखडायचं हाय. एकेकानं एकेक पोतं ओता."

सुभद्राबाई पुढं आली. तिनं पोतं ओतलं, उलटं करून चारदा झाडलं, मग ढिगातली एक मूठ उचलून पोत्यात परत टाकली. "आमच्याकडं अशीच रीत हाय," ती बायांना म्हणाली.

रंगराव मास्तरांना पोतं उचलेना. अर्धी बाजरी घोंगडीवर आणि अर्धी त्यांच्या पायावर. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

इतक्यात लक्ष्मणराव आला, वर्दी द्यायला. "परवान्याशिवाय धान्य जमा करायचं नाही, साहेबांचा हुकूम आहे."

"आलाच हायसा तर येक पोतं ओता. शिपायागत हुबं कशाला राहता?"

चारचौघांत मागं कसं सरायचं म्हणून त्यानं पोतं ओतलं. मग आतली बाजू बाहेर काढून दारावरच्या दगडावर आपटलं. एक दाणा शिल्लक ठेवला नाही.

राहिला बाळाजी. मोशीतलाच, गवराबाईच्या भावकीतला. गाडीवाला. शुक्रवारी वाड्यावस्त्यांवरून कोठीची गाडगी त्याचीच गाडी आणायची, एक पैसा न घेता. त्यानं पोतं कमरेवर घेऊन सफाईनं ओतलं. शेवटी हात थांबला. तळाशी मूठभर राहिली, तशीच ठेवून त्यानं पोत्याचं तोंड दुमडलं आणि घडी बाजूला ठेवली. झाडलं नाही.

अंगणातल्या एकाही मोशीकराला त्यात काही विशेष वाटलं नाही. इथं सगळेच असं करतात. घरातलं धान्य पार संपवून पोतं झाडायचं नाही. तळाला मूठ राहिली की घरात बरकत राहते. आईच्या हातचं बघून हात शिकतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही.

गवराबाईनं खुंटीवरची तीन पोती आणली.

"ही पोती कोरी हुती," ती म्हणाली. "मास्तर, तुमीच आनली. ह्यांत जुना दाना असायचं कारन न्हाई. शुक्रवारी पयल्यांदा भरली. व्हय का न्हाई?"

"हो," मास्तर म्हणाले.

"वर सडकी बाजरी हुती, चुन्याची, बिनराखंची. सगळ्यांनी खाल्ली. आता तळ बघा."

तिनं पहिलं पोतं पसरून दाखवलं. तळाशी मूठभर बाजरी होती. कुठं हिरवट दाणा, कुठं राखी, कुठं टपोरा, कुठं बारीक, शंभर घरच्या शंभर तऱ्हा, आणि सगळ्यांवर राख. दोन्ही कोपऱ्यांत लिंबाची डहाळी, शुक्रवारी खोचली तशीच.

"पोत्यात आधी चांगली हुती. कुनीतरी ती ओतून घेतली आन् वर सडकी भरली. आता वाईच इचार करा. सुभद्रीनं ओतली असती तर झाडली असती. डहाळी पडली असती. ह्या लक्ष्मणरावानं न्हाई तर त्याच्या हमालांनी ओतली असती तर पोत्याची कातडी सोलली असती. मास्तरांच्यानं पोतं उचलत न्हाई. ज्यानं ओतली त्याचा हात तळाला थांबला. चोरी करताना बी थांबला. त्यो आपल्या मातीतला हाय. आन् मास्तरांच्या किल्लीच्या दोरीला गाडीचं वंगण हाय."

कुणी कुणाकडं पाहिलं नाही. बाळाजी स्वतःच्या घडी केलेल्या पोत्याकडं पाहत होता.

६

"मीच दिली किल्ली," मास्तर आधी बोलले. आवाज शाळेतला नव्हता. "शनिवारी दुपारी. बाळाजी म्हणाला, जोखड आत ठेवायचंय. नियम मोडला म्हणून गप्प राहिलो. त्या बाईवर आलं तरी गप्प राहिलो."

सुभद्राबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग बाळाजीकडं वळली. "भाऊ, माझा सासरा तुमच्या गाडीत बसून आला व्हता हितं."

त्या वाक्यानं बाळाजी मोडला.

"आत्या, मला म्हनले जुनी हाय, खराब न्हाई," तो गवराबाईला म्हणाला. "ह्यो लक्ष्मणराव म्हनला, वरून तपासनी याची हाय, चार पोती बदलून दे, कारखान्याच्या विटांवर तुझी गाडी लावतो. माझं रान पिंपरीच्या कारखान्यात गेलं, आत्या. गाडीबिगर माझ्याकडं काय हाय? सनीवारी गावातले समदे चाकनच्या बाजारात, ओसरीतली मानसं खानीवर. गाडी लावली, काम उरकलं. वास आला तवा कळलं. पन तवर भरून झालं हुतं."

"हा खोटं बोलतोय," लक्ष्मणराव म्हणाला.

"खोटं?" बाळाजी म्हणाला. "तुमच्या गोदामात, ओल्या भितीपासनं आतल्या बाजूला, चार सरकारी पोत्यांत राख चोळलेली बाजरी हाय. चला, ओतू."

लक्ष्मणराव पानाची चंची सावरत निघाला. खाणीवरची माणसं वाटेत उभी होती. त्यांनी त्याला हात लावला नाही, फक्त हलली नाहीत.

बाळाजी अजून बोलतच होता, जणू आता थांबला तर पुन्हा धीर होणार नाही. "आन् आत्या, त्याच्या मेजावर येक कुलूप हुतं. नवं. त्याला तांबड्या कागदाची चिठ्ठी बांधलेली. मला अक्षरं जुळवता येत्यात. 'मोशी' लिवलं हुतं. म्या इचारलं, हे काय? तर म्हनला, साहेबांनी पाठवलंय, सोमवारी लागनार हाय."

गवराबाईनं सूप खाली ठेवलं.

"कवा बघितलंस तू कुलूप?"

"सनीवारी दुपारी. सडकी बाजरी गाडीत भरताना."

माणसं आजारी पडली ती रविवारी रात्री.

गुरुवारी फौजदार आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुणी न सांगता पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला. बाहेर काढला तेव्हा खाकी बाही राखेनं पांढरी झाली होती. ती त्यांनी झटकली नाही. मोहोर फोडून चौथं पोतं ओतलं, तळाशी तेच. गोदामातली चार पोती ओतली, आत राखच राख. सुभद्राबाईचं नाव त्यांनी तिथंच खोडलं. बाळाजी स्वतः जाऊन जीपमध्ये बसला, आणि लक्ष्मणरावाला बसवावं लागलं. तीन दिवसांनी सुभद्राबाईच्या सासऱ्यानं डोळे उघडून भाकरी मागितली.

गावात कुणी बाळाजीच्या घरावर दगड मारला नाही. गवराबाई म्हणाली, "त्यानं नऊ मानसं पाडली, त्याची सजा तो भोगंल. पन सैतानी करताना बी ज्याच्या हातानं पोतं झाडलं न्हाई, त्यो हात मोशीनं घडवलाय. हे बी मी सांगनार." शुक्रवारी सगळ्यात पहिलं गाडगं बाळाजीच्या बायकोनं आणलं. गवराबाईनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि किल्ली पुन्हा सुभद्राबाईच्या गळ्यात घातली. ह्या खेपेला गावासोबत खाणही बघत होती. दुसरी किल्ली मास्तरांनी आपणहून परत केली आणि रविवारी माप धरायला रांगेत उभे राहिले. पोतं उचलायला ते अजून शिकताहेत.

आता साहेब, तुमच्याकडं वळतो.

त्या वर्षी तुम्ही वर कळवलं होतं की तालुक्यात कुणी उपाशी नाही. आणि इकडं मोशीच्या बाया दर रविवारी चाळीस चुलींना धान्य वाटत होत्या. त्यांची प्रत्येक मूठ तुमच्या कागदाला खोटं पाडत होती. गोदामातली बाजरी सडली ती लक्ष्मणरावाची गफलत, बदलली ती बाळाजीनं. दोघांनी कबूल केलं, दोघांनी भोगलं. तुमची बदली झाली, बढतीवर.

गवराबाईनं ते कुलूप जपून ठेवलं आहे, तांबड्या चिठ्ठीसकट. तिला वाचता येत नाही, पण दारात येईल त्याच्याकडून, तशी माझ्याकडूनही, ती चिठ्ठी वाचून घेते आणि मग एकच गोष्ट विचारते. तुमच्या नव्या कचेरीच्या पत्त्यावर तिचं तीनदा पत्रानं विचारून झालं. चौथ्यांदा इथं, सगळ्यांसमोर विचारतो आहे.

माणसं ओकली रविवारी रात्री. मोशीच्या नावाचं कुलूप तुम्ही शनिवारी दुपारच्या आत पाठवलंत. साहेब, तुम्हाला आधी कसं कळलं? उत्तर द्या.